सत्यवानचा गिलास

"ह्यां औषध काय गो मावशे?"

तपासणीवरच्या नाझमीनने बाटली उजेडात धरली. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली, जुन्या पंच्यात गुंडाळलेली, वर नेसायच्या लुगड्याची घडी. मालवणच्या धक्क्यावर मांडव घालून प्रवाशांच्या सामानाची तपासणी चालली होती. जहाज बाहेर खोल पाण्यात नांगरून उभे होते, आणि तपासून झालेल्या लोकांना लाँच तिथवर नेऊन पोचवत होती.

'हो' म्हटले असते तर रुक्मिणी मेतर कदाचित तिथेच सुटली असती. पण ते तिच्या मनातसुद्धा आले नाही.

"औषध नाय. काजूची दारू आसा."

"कोणाक?"

"घोवाक."

नाझमीनने मागच्या रांगेकडे पाहिले. "ते खंय आसत?"

"दर्यात," रुक्मिणी म्हणाली.

नाझमीन बंदरावरच्या घरातली. तिच्या बापाचा, चुलत्यांचा मासळीचा धंदा. हे उत्तर तिला फोड करून सांगावे लागले नाही. तिने बाटली हलकेच टेबलावर ठेवली आणि मागे कोणी बघते आहे का, म्हणून मान वळवली. तपासणीचे साहेब बघत होते.

तिचा नवरा सत्यवान मेतर तोंडवलीचा. दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल म्हणून, बोटीचा म्होरक्या म्हणून जायचा. पिणारा माणूस म्हणून गावात त्याचे नाव होते, आणि ते खोटे नव्हते. पण त्याची एक रीत होती. पाण्यावर जाताना तो दारूला शिवत नसे. परत आला, आडावर हातपाय धुतले, की पडवीत भिंतीला टेकून बसायचा आणि रुक्मिणीकडे बघायचा. मग ती काजूची दारू एका काचेच्या गिलासात ओतून त्याच्या पुढ्यात ठेवायची. तो गिलास रिकामा होईपर्यंत तो कोणाशी बोलत नसे. बारा वर्षांपूर्वी ऐन मार्गशीर्षात वारे फिरले आणि ट्रॉलर उलटला. तिघे पोहून वाचले. सत्यवान सापडलाच नाही. त्या दिवशी रुक्मिणीने भरून ठेवलेला गिलास दोन दिवस पडवीत तसाच होता. शेवटी शेजारणीने तो उचलला.

गावात मात्र वेगळेच बोलले गेले. तांडेल पिऊन होता, म्हणून बोट गेली, असे. रुक्मिणीने कोणाकोणाचे तोंड धरायचे? दरवर्षी म्हाळाच्या दिवशी पानावर वडे, सागोती आणि बाजूला गिलास ठेवायची. कावळा वड्याला शिवायचा, पण तिचे समाधान होत नसे. ज्याला द्यायचे तो घरात नाहीच, तर घरात ठेवून त्याला कसे पोचणार, असे तिला वाटे. म्हणून मुलाने जहाजावर यायचा पास धाडला तेव्हा तिने पहिल्यांदा बाटलीचीच सोय केली. भाऊ दोडामार्गला होता, त्याने काजूची आणून दिली. घट्ट झाकणाची लहान बाटली घरात ती एकच होती. जहाज गोव्याकडे जाताना वाटेत ट्रॉलर उलटला ती जागा लागते, एवढे तिला माहीत होते.

साहेब जवळ आले. रत्नागिरीकडचे होते, शुद्ध बोलत होते. बाहेरची दारू जहाजावर नेता येत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले. दुकानातली सीलबंद बाटली असती तर चिठ्ठी लावून ठेवून घेतली असती आणि उतरताना परत दिली असती. ही घरगुती, ती ठेवताही येत नाही. मग त्यांनी तिच्या हातातला पास घेतला आणि त्यांचा आवाज बदलला. पास कर्मचाऱ्याच्या घरच्यांचा होता. तिचा मुलगा विश्वेश जहाजाच्या भटारखान्यात मदतनीस होता.

"मुलाने आणायला सांगितली का?"

रुक्मिणीला आधी प्रश्नच कळला नाही. साहेबांनी समजावले. कामावरच्या मुलांना जहाजात प्यायला बंदी असते. मग काही जण घरच्यांकडून अशीच औषधाच्या बाटलीतून मागवतात. तसे असेल तर त्यांना वर कळवावे लागेल, आणि कळवले की मुलगा आजच सामान घेऊन खाली उतरेल.

तेव्हा कुठे रुक्मिणीला कळले. तिने टेबलाची कड धरली. ऑफिसात बोलावे तसे शब्द जुळवत ती म्हणाली, "नाही साहेब. त्याला ठाऊक नाही. त्याला दारूचा वास चालत नाही. बाटली माझी आहे. माझ्या मालकांसाठी आहे, ते समुद्रात गेले."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, पासाकडे पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही बाटली घेऊन घरी जा, मी काही बघितले नाही. नाहीतर ती इथे माझ्यासमोर रिकामी करा आणि जहाजावर जा. तिसरा मार्ग माझ्याकडे नाही."

मागची माणसे चुळबुळ करू लागली होती. रुक्मिणीने समुद्राकडे पाहिले. जहाज इथून पांढऱ्या शाळेसारखे दिसत होते, खिडक्याच खिडक्या. त्यातल्या कुठल्यातरी मजल्यावर विश्वेश तिची वाट बघत असणार. घरी परतले तर बाटली हातात राहील, पण ती जागा नाही. गेले तर जागा लाभेल, पण हात रिकामे. गुडघे असे, पुढच्या वर्षी लाँचवर चढता येईल की नाही कोण जाणे.

"जातंय मी," ती म्हणाली.

बाटली रिकामी करायचे काम नाझमीनकडे आले. ती दबक्या आवाजात म्हणाली, "मावशे, ओतूची तर आसाच. धक्क्यावरसून दर्यात ओतू?"

"हंय नको," रुक्मिणी म्हणाली. "हंय तो नाय."

मग नाझमीनने ती मांडवामागच्या बेसिनमध्ये ओतली. काजूचा उग्र वास टेबलापर्यंत आला. रुक्मिणी तिथेच उभी राहून बघत होती. कोणी डोळे मिटायला सांगितले असते तरी तिने मिटले नसते. नाझमीन परत आली, पिशवीतले लुगडे तिने नीट घडी घालून वर ठेवले आणि लाँचच्या फळीपर्यंत रुक्मिणीचा दंड धरून गेली.

जहाजावर पाय ठेवला तशी कोणीतरी तिच्या हातात सरबत दिले. वरच्या मजल्यावर उघड्या हवेत खुर्च्या टाकलेल्या होत्या आणि एका बाजूला दारूचे दुकानच होते, आरशासमोर बाटल्यांच्या रांगा. भर दुपारी बाया-माणसे हसत गिलास उचलत होती. रुक्मिणीला कोणाचा राग आला नाही. तिला फक्त एवढेच वाटले, की इतकी दारू चालते, आणि सत्यवानची तेवढी चालत नाही. ती कठड्याला धरून उभी राहिली.

विश्वेश आला तो पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर कामाची टोपी. पाया पडला, पण चेहरा आवळलेला होता. धक्क्यावरची गोष्ट लाँचमधून तिच्या आधीच वर पोचली होती.

"आये, माझी नोकरी गेली असती."

"माका म्हायत नव्हता रे."

"त्याका अजून पाजूक होयी तुका?" तो हळू बोलत होता, कारण आजूबाजूला प्रवासी होते. "तेच्यान काय झाला तां बगलंस मां?"

 हे मूल चौदा वर्षांचे असताना शाळेत पोरांनी त्याला बापावरून बोलून घेतले होते. तेव्हापासून त्याने घरात बापाचे नाव काढले नव्हते. म्हाळाला पानावरचा गिलास दिसला की तो उठून बाहेर जायचा. तिने कधी त्याला थांबवले नव्हते. आता तिच्यापाशी पुढे ठेवायला बाटलीही उरली नव्हती, म्हणून ती बोलली.

"तो पिऊन गेलो नव्हतो. पिऊन कधीच जाय नसा. परत इलो की घेय. त्या दिसा इलोच नाय. त्याचो तो गिलास रवलो, विश्वेश. तो तेवडो देवचो होतो माका."

विश्वेश वळला आणि निघून गेला. खाली जेवणाची तयारी चालू होती, आणि तो जाईल हे तिला ठाऊकच होते.

जहाज हलले. किल्ला मागे पडला, किनारा बारीक झाला. रुक्मिणी पाण्यावर नजर लावून होती, पण पाणी सगळीकडे सारखेच दिसत होते. वाचलेल्या तिघांतल्या शिवाने तिला एकदा खुणा सांगितल्या होत्या. त्या होडीतून बघायच्या खुणा. एवढ्या उंचावरून तिला काहीच ओळखू येईना. वेळ निघून चालली तसा तिचा धीर सुटू लागला. ती जागा केव्हाच गेली असेल आणि आपण इथे भलतीकडे बघत उभ्या आहोत, असे तिला वाटले.

ऊन तिरके झाले तेव्हा विश्वेश पुन्हा वर आला, धावत आल्यासारखा, हाताला पीठ तसेच. तिला दंडाला धरून त्याने जहाजाच्या मागच्या बाजूला नेले. तिथे प्रवासी नव्हते, दोरांची वेटोळी होती. किनाऱ्याच्या बाजूला निवतीचा दीपस्तंभ खडकावर उभा होता आणि त्याच्या बरोबर मागे जमिनीवरचा एक डोंगर आला होता, दोन्ही एका रेघेत.

"हंयसर," तो म्हणाला.

रुक्मिणी त्याच्याकडे बघत राहिली. "तुका कोणी सांगल्यान?"

"शिवाकाकान." तो पाण्याकडेच बघत होता. "दर खेपेक येतंय मी हंय. उभो रवतंय आणि जातंय. बोलूचा काय तां माका कळना नाय."

जहाज थांबणार नव्हते. रुक्मिणीने हात जोडले. गाऱ्हाणे घालायचे काम गावकरी पुरुषांचे. देवळात, बंदरावर तेच देवाला हाक मारतात आणि बाकीचे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाईने मोठ्याने गाऱ्हाणे घातलेले तिने जन्मात ऐकले नव्हते. तरी तिने मोठ्याने सुरू केले.

"हे दर्याच्या राजा, म्हाराजा. बारा वर्सां झाली, माझो घोव तुझ्या पोटात आसा. तेका बरो संभाळ रे म्हाराजा."

वाऱ्याने शब्द मागे नेले. ती थांबली. कोणी काही म्हणणार नाही हे तिला माहीत होते. ती पुढचे बोलणार तोच शेजारून घोगरा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

विश्वेशने टोपी काढली होती.

"तो पिऊन बुडलो नाय. लोकांनी खोटो आळ घातल्यानी. तां तुका तरी म्हायत आसा रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तेचा देणां घेऊन इललंय, तां वाटेत गेला. रिकाम्या हातान उभी आसंय. गोड मानून घे. आणि ह्या पोराक पाण्यावर राख रे म्हाराजा."

विश्वेशने टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली.  दीपस्तंभ आणि डोंगर एकमेकांपासून सुटू लागले होते. मग त्याने देवळात म्हणतात तसे मोठ्याने म्हटले, "व्हय म्हाराजा."

खालून कोणीतरी त्याला हाक मारत होते. त्याने तिला पुन्हा खुर्च्यांपाशी आणून सोडले आणि हातातल्या टोपीसकट जिना उतरून गेला.

शेजारी पुण्याकडची एक वयस्क बाई बसली होती. दूरवर दिवा लागला, तसे तिने कुठला दीपस्तंभ म्हणून विचारले.

"निवतीचो," रुक्मिणी म्हणाली. मग शुद्ध बोलायला हवे होते हे तिच्या ध्यानात आले, पण तिने ते बदलले नाही. त्या बाईने खुर्ची पुढे सरकवली. रुक्मिणी खाली बसली. जहाजावर आल्यापासून ती उभीच होती.