धबधब्यापर्यंतची पैज

बाबांनी औषधाच्या दुकानावर न्हाव्याची पाटी ठोकली, त्याला दहा दिवस झाले. सगळा बाजार पोट धरून हसला. दादा मात्र भडकला. "आता पुरे. उद्या शिडीवरून पडले तर? सांग त्यांना, काम बंद." पाट्या रंगवायच्या दुकानात बाबांच्या हाताखाली मी असते, म्हणून मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची मीच.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पैज लावली. डोंगरातल्या धबधब्याच्या वाटेवर तीस वर्षांपूर्वी दगडांवर बाण काढले होते ते त्यांनीच. "तिथवर न चुकता नेलं, तर शिडी माझी. चुकलो, तर तुझी."

रविवारी सकाळीच निघालो. पहिला तास नुसता अंगावर येणारा चढ. पायाखाली सुटे दगड, धरायला काटेरी झुडपं. बाबा चार पावलं चालले की कमरेवर हात ठेवून थांबत आणि माझ्यासाठीच थांबल्याचं दाखवत. मग वाटेला फाटा आला. दोन्हीकडे पांढरे बाण, दोन्ही इतके पुसट की टोक कुठलं ते कळेना. बाबा गुडघ्यांवर बसून बराच वेळ निरखत राहिले.

"हा माझा," ते म्हणाले. "आणि हाही माझाच."

"असं कसं?"

"रंग उरला असेल. उतरताना परतीचेही काढले असणार."

"मग परतीचे दुसऱ्या रंगात काढायचे ना!"

"डबा एकच होता गं."

धन्य आहे! मी डोकं खाजवलं आणि उजवीकडे वळून बघितलं. बाबांनी मान डोलावली. म्हणजे बरोबर होतं. पुढच्या फाट्यावरही तसंच झालं. तिसऱ्या ठिकाणी ओला कातळ चढायचा होता. मी अडखळले तसे बाबाही थांबले, म्हणून मी मागे फिरले आणि खालची वाट धरली. बाबांचा चेहरा खुलला. कसले पक्के आहेत, मी मनात म्हटलं. उगाच शंका घेतली यांच्यावर.

तासाभरानं पाण्याचा आवाज आला आणि वळणापलीकडे तो दिसला. अख्ख्या कड्यावरून कोसळणारा, बघताना मान दुखेल एवढा उंच. मला तर नाचावंसं वाटलं. घरी गेल्यावर दादाचं तोंड बघण्यासारखं होणार होतं.

"जिंकलात, बाबा! शिडी तुमची."

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. "मी कुठे? वाट तर तू दाखवलीस. इतकी ठाम वळत होतीस, मला वाटलं कोणाला तरी विचारून आली आहेस."

"अहो, मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून वळत होते!"

"आणि मी तुझ्या."

मला हसू फुटलं. बाबा हसले नाहीत.

"दुकानातही तसंच चाललंय," ते म्हणाले. "बरोबर की चूक, समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. त्या दिवशी पाटी ठोकताना शिडीवरून विचारलं, जमलं का? औषधवाला वर न बघताच झकास म्हणाला. मला वाटलं, असेल बरोबर."

"कधीपासून असं होतंय?"

"तुझी आई होती तोवर अडलं नाही. माझं काही चुकलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. तेवढ्यावर भागायचं."

तोंडावर उडालेलं पाणी त्यांनी बाहीनं पुसलं. "मग काय? शिडी काढून घेणार?"

एवढं विचारून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबले, आणि तो कसा ठेवावा हेच मला समजेना.