आगे परदे पर देखिए

कुसुमबाईंसोबत त्यांची चेरीताल मोहल्ल्यातली खोली आवरताना त्यांच्या भावाच्या नातीला, प्रियंकाला, पेटीत सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या सापडल्या. सगळ्या बावन्न-त्रेपन्न सालच्या. प्रत्येकीत सुरुवातीला कहाणी छापलेली, आणि ती ऐन रंगात आली की ‘आगे परदे पर देखिए’. त्याखाली मात्र पेन्सिलीने कुणीतरी उरलेली कहाणी लिहिली होती.

“ये किसने लिखा, आजी?”

“मीच. तिकीट पाच आण्याचं, चोपडी एका आण्याची. बाबा एकच आणा द्यायचे. मंग शेवट मलाच करावा लागे. नळावर बायांना सांगायची, त्यांना वाटे पोरगी सिनेमा पाहून आली.”

प्रियंकाला राहवेना. नवऱ्याने घराबाहेर काढलेल्या बाईची एक चोपडी तिने निवडली, तोच सिनेमा मोबाइलवर शोधला आणि थेट शेवटावर नेला. बाई परत येऊन नवऱ्याच्या पाया पडत होती.

कुसुमबाईंनी चष्मा लावून ते पाहिलं. मग चोपडी उघडली. त्यांच्या पेन्सिलीतली बाई गाडीत बसून नागपूरला शिकायला निघून गेली होती.

“बंद कर ते,” त्या म्हणाल्या. “ह्याचे पाच आणे काहून घेत होते?”