मायच्या वाट्याचा सदतिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. पोटात रोल घालायचा, एक फोटो काढला की दांडी ओढून रोल पुढे सरकवायचा आणि छत्तीस फोटो झाले की धुवायला द्यायचा, अशा जमान्यातला. सध्या माझा मुक्काम भंडारा जिल्ह्यातल्या एका पुनर्वसनाच्या गावात, पत्र्याच्या पेटीत, जुन्या स्वेटरांच्या खाली आहे. हा कॅमेरा ऐन वेळी बिघडला, असं या घरात वर्षानुवर्षं सांगत आले. मी बिघडलो नव्हतो. पण कॅमेऱ्याची साक्ष कोण काढणार? म्हणून आज तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म जपानातल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. माझी खरी हयात सुरू झाली ती भंडाऱ्यात, पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमागच्या एका अरुंद स्टुडिओत. मालक भैय्यालाल. तोंडात सुपारी, अंगानं जाड, पण हात दगडासारखा स्थिर. त्याच्या गळ्यात बसून मी शेकडो लग्नं पाहिली. भैय्यालालचा धंद्याचा एकच नियम होता. मांडवात शिरला की तो आधी आजोबा-आजी, थोरले काका, कोपऱ्यात बसलेली आत्या यांना शोधून काढी आणि त्यांचे फोटो घेई. लोक वैतागत. "भैय्यालालभाऊ, आधी नवरदेव-नवरी घ्या न!" तो सुपारी गालात सरकवून म्हणे, "नवरा-नवरी उद्याही भेटते. म्हातारे आधी."

पुढे भैय्यालालच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यानं मला सुगत नावाच्या तरुणाच्या हवाली केलं. देताना त्यानं तो नियमही सांगितला होता. सुगतनं मान हलवली. पण मान हलवायला काय लागतं?

सुगत एसटीत कंडक्टर होता. वैनगंगेकाठचं बोरडोह हे त्याचं गाव. आठवडाभर भंडारा-नागपूर गाडीत उभ्यानं तिकिटं फाडायची आणि सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीनं नागपूरला जाऊन विमानतळाच्या भिंतीबाहेर उभं राहायचं, हा त्याचा शौक. विमानात तो कधी बसला नाही, बसायची फारशी हौसही नव्हती. त्याला विमान उतरताना पाहायचं असे. चाकं टेकली की उडणारा धूर टिपायचा असे. लहानपणी धानाच्या बांधीत रोवणी चालली असताना वरून विमान गेलं की तो कंबर सरळ करून बघत राही आणि बाप हिरालाल ओरडे, "अबे, खाली पाह्य!" ते खाली पाहणं त्याला जन्मात जमलं नाही.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बिरसीची जुनी विमानाची धावपट्टी गोंदियाच्या वाट्याला गेली होती. "गोंदियावाल्यायनं विमान नेलं, आपल्याले एसटी ठेवली," असं सुगत डेपोत हसत सांगे. मग आम्ही दुसऱ्यांच्या धावपट्ट्या शोधत फिरू लागलो. नागपूर तर घरचंच झालं. रायपूरला गेलो. एकदा शिल्लक रजा घालवून हैदराबादेला गेलो आणि तिथल्या पहारेकऱ्यानं दोन तास बसवून ठेवलं. विमानांचे फोटो हा माणूस निव्वळ आनंदासाठी काढतो, हे त्या बिचाऱ्याच्या गळी उतरेना. शेवटी कंडक्टरचा बिल्ला दाखवून सुटलो. खोटं कशाला बोलू, ते दिवस माझ्याही सुखाचे होते. मांडवातल्या घामट गर्दीपुढे मोकळं आभाळ मला आवडायचं. सुगत माझी काच मऊ फडक्यानं पुसायचा, पावसात स्वतः भिजून मला शर्टाच्या आत धरायचा. त्याची बायको दीपमाला म्हणे, "विमान माही सवत, अन् हा कॅमेरा तिचा दलाल." मला ते ऐकून गंमत वाटे.

सुगत रोलच्या बाबतीत भारी काटकसरी होता. घालताना रोलची सुरुवातीची पट्टी तो इतकी मोजकी ओढी की छत्तीसच्या रोलातून सदतीस फोटो निघत. त्या सदतिसाव्याचा त्याला मोठा अभिमान. "सदतिसावा निघतेच," असं तो छाती ठोकून सांगे. ही ओळ लक्षात ठेवा. सगळा घात तिनंच केला.

आता त्याच्या मायबद्दल, विमलाबाईबद्दल सांगतो. हिरालाल जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा एकही फोटो घरात नव्हता. होतं ते घर. बोरडोहच्या टोलीतलं, म्हणजे वस्तीतलं, दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, कवेलूच्या छपराचं घर. त्याची माती हिरालालनं स्वतः तुडवली होती आणि दाराच्या चौकटीला निळा रंगही त्यानंच दिला होता. गोसीखुर्दच्या धरणात गाव जाणार, हे वीस वर्षं नुसतं ऐकू येत होतं. मग एका उन्हाळ्यात खरंच तारीख आली. कवेलू, लाकूडफाटा, चौकट काढून न्यायला सोमवारी ट्रॅक्टर यायचा होता.

"तुह्या बापाचा एक फोटू नाही, बाबू," विमलाबाई म्हणाली. "घर तेवढं त्याच्या हातचं हाय. त्या दारात उभी करून माहा एक फोटू काढ. मंग जाऊ दे पाण्यात."

ती हे पहिल्यांदा म्हणत नव्हती. सुगत दर वेळी म्हणे, "हो माय, हा रोल संपू दे." रोल संपे, नवा येई, तोही विमानांवर संपे. या वेळी मात्र त्यानं शब्द दिला. रविवारी सकाळी आठ वाजता. खास त्यासाठी भंडाऱ्याहून कोरा रोल आणला.

शनिवारी विमलाबाईनं काय करावं? तिनं घराला चुना दिला. साठी ओलांडलेली बाई शिडीवर चढून भिंती पांढऱ्या करत होती. चौकटीवर तिनं निळीचा हात फिरवला. शेजारची कुंताबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "बुडणाऱ्या घराले चुना कायले लावून राहिली व, विमला?"

"फोटूत थोडीच बुडते ते!" विमलाबाई म्हणाली आणि दोघी हसल्या.

रविवारी ती पहाटेच न्हाली. बुद्धपौर्णिमेला नेसायची ती पांढरी साडी नेसली. धुरानं चुना काळा पडेल म्हणून चूल पेटवली नाही. साडेसातला उंबरठ्यावर येऊन बसली.

पावणेआठला सुगतचा मोबाइल वाजला. नागपूरचा संघपाल, याच्यासारखाच विमानवेडा. चार इंजिनांचं अजस्र मालवाहू विमान उतरलं होतं, दुपारी उडणार होतं. असलं विमान इकडे पुन्हा कधी येईल ते सांगता येत नव्हतं. सुगतच्या हातात मी होतो. त्यानं मला बॅगेत घातलं आणि बॅग खांद्याला लावली.

"माय, चार-पाच काढतो तिकडं, बाकी सारा रोल तुह्यासाठी. दुपारपर्यंत येतोच. घर का पळून जाऊन राहिलं?"

"जाय बाबू. मी बसतो इथंच."

मित्रांनो, एक फोटो काढायला किती वेळ लागतो? मी सांगतो. डोळा मिटून उघडायच्या आत होतो. ती समोर बसली होती, ऊन भिंतीवर पडलं होतं, मी तयार होतो. फक्त रोल माझ्या पोटात घातला नव्हता. तो त्यानं नागपूरच्या गाडीत, धक्के खात, घाईघाईत घातला. नेहमीची मोजकी पट्टी त्या दिवशी ओढली गेली नाही. चांगली दोन बोटं जास्त गेली. मला कळलं, त्याला कळलं नाही.

विमान खरंच मोठं होतं. पहिले पाच फोटो झाल्यावर सुगत म्हणाला, "बस्स." मग ते हललं. नऊ. मग वळलं. सोळा. मग कुठल्या तरी अडचणीनं दोन तास उभंच राहिलं आणि हे दोघे भिंतीशी उन्हात तळत राहिले. उन्हाचा रंग बदलला म्हणून आणखी सहा. फोटो मोजणाऱ्या माझ्या छोट्या खिडकीतला आकडा त्याच्या नाकासमोर होता. अखेर चारच्या सुमारास ते उडालं, आमच्या डोक्यावरून गेलं, आणि छत्तिसाव्या फोटोत त्याचं काळं पोट आभाळभर पसरलं. संघपालनं त्याच्या पाठीवर थाप मारली. सुगतनं खिडकीत पाहिलं आणि चेहरा उतरला. पण लगेच स्वतःलाच म्हणाला, "सदतिसावा निघतेच."

आम्ही परतलो तेव्हा सहा वाजून गेले होते. विमलाबाई उंबरठ्यावरच होती. दिवसभरात तिनं शिळ्या पोळीचा तुकडा खाल्ला होता, तोही घरामागच्या सांदवाडीत जाऊन, साडीवर काही सांडू नये म्हणून. उजेड अजून होता. ती एका शब्दानं रागावली नाही. उठली, पदर सारखा केला, निळ्या चौकटीवर हात ठेवून उभी राहिली.

सुगतनं दांडी ओढली. ती अर्ध्यात अडली. रोल संपला होता. पुढे काही नव्हतं. तेवढ्यावर थांबला असता, खरं बोलला असता, तर सोमवारी ट्रॅक्टर दुपारपर्यंत थोपवून भंडाऱ्याहून दुसरा रोल आणता आला असता. पण माय हसून उभी होती. त्यानं अंगठ्याचा जोर लावला. माझ्या दात्यांखाली रोलच्या कडेची भोकं टराटरा फाटली, दांडी पुढे गेली आणि रोल जागचा हलला नाही. मी ओरडू शकत असतो तर तेव्हा ओरडलो असतो. त्यानं कळ दाबली.

"निघाला का?" विमलाबाईनं विचारलं.

"निघाला, माय."

सोमवारी कवेलू उतरले. चौकट निघाली. चुन्याच्या भिंती उघड्या राहिल्या आणि पुढच्या पावसाळ्यात पाण्यानं त्या खाली बसवल्या.

आठ दिवसांनी फोटो धुऊन आले. पस्तीस विमानं स्वच्छ, एकापेक्षा एक. छत्तिसाव्या कागदावर दोन फोटो एकावर एक चढले होते. जिथं आभाळ होतं तिथं मायचं काहीच उरलं नव्हतं, चेहरासुद्धा. फक्त विमानाच्या काळ्या पोटात निळ्या चौकटीचा तुकडा आणि तिच्यावर टेकलेला एक हात दिसत होता.

नव्या गावठाणात, भंडाऱ्याजवळच्या शहापूरकडच्या हमरस्त्यापासून आत, पत्र्याच्या खोलीपुढे विमलाबाई वाट बघत होती. सुगतनं तो कागद तिकिटांच्या जुन्या पेटीत दडवला होता. तो म्हणाला, "माय, कॅमेराच बिघडला. तुहा फोटू नाही आला."

नाचता येईना अंगण वाकडं! वीस वर्षं भैय्यालालच्या गळ्यात राहून मी एकाही म्हाताऱ्याला दगा दिला नव्हता.

 विमलाबाईनं मला हातात घेतलं, पदरानं माझी काच पुसली आणि म्हणाली, "जाऊ दे. त्याले काय बोल लावतं? तुहे विमान तं आले न चांगले?"

 त्या दिवशी सुगतनं मला पेटीत टाकलं. बिघडलेला कॅमेरा वापरता कसा येईल? खोटं निभवायचं तर मला मरावंच लागणार होतं. वर्षभरात त्यानं रोल न लागणारा नवा कॅमेरा आणला आणि पुन्हा भिंतीबाहेर जाऊन उभा राहू लागला. त्याचाही मला राग आहे, लपवत नाही. नव्या कॅमेऱ्यात हजार फोटो मावत होते. त्यांतला एक त्यानं मायचा काढू पाहिला, तर ती म्हणाली, "इथं कायचा काढतं? हे दार माहं नोहे."

दोन वर्षांनी ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी फुलं वाहायला फोटो हवा होता. मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ती घाबरलेली दिसते आणि गालावरून सरकारी शिक्क्याची रेघ गेली आहे. जमलेल्यांपैकी कोणीतरी सहज विचारलं, "सुगतभाऊ, तुम्ही तं फोटोवाले. मायचा धड फोटो नाही?" नऊशे विमानांचे अल्बम त्याच खोलीत, त्याच्या पाठीमागच्या फळीवर होते.

परवा त्याची मुलगी रश्मी आवराआवर करत होती. आता ती कॉलेजात आहे. तिकिटांच्या पेटीत तिला तो कागद सापडला. "बाबा, हे काय जी?"

सुगत खाटेवर बसला. त्यानं विमानाच्या पोटावर बोट ठेवलं. "हा तुह्या आजीचा हात हाय."

"अन् आजी?"

"आजी वरतं हाय. दिसत नाही." मग तो म्हणाला, "कॅमेरा बिघडला नोहता, रश्मी. रोल मीच संपवला होता."

मी पेटीत होतो, झाकण उघडं होतं, ऐकलं. इतक्या वर्षांनी माझ्यावरचा आळ फिटला. पण जिला ते ऐकायचा हक्क होता ती भिंतीवर होती, शिक्क्याची रेघ गालावर घेऊन.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझी काच पुसा, असं मी मागणार नाही. माझ्यासाठी आता कुठे रोलही मिळत नाही. तुमच्या खिशातल्या मोबाइलात हजारो फोटो मावतात, तरी मागणाऱ्याला तुम्ही "मग काढू" म्हणता, हे मी पेटीतून ऐकतो. विमानं काढा, डोंगर काढा, हवं ते काढा. फक्त उंबरठ्यावर कोणी पांढरी साडी नेसून बसलं असेल तर बॅग खाली ठेवा. भैय्यालाल सांगून गेला होता आणि आम्ही दोघांनी ऐकलं होतं. म्हातारे आधी.