चौदा वर्षांची खाज

जेवताना पेंटरचा डावा हात सारखा मानेवर जायचा. बायको म्हणायची, "अहो, दवाखान्यात चला ना!" ठरलेलं उत्तर यायचं, "टर्पेंटाइनची खाज आहे. सगळ्याच पेंटरांना असते. हा फलक संपला की बघू."

चौदा वर्षं तो परांचीवर उभा राहून जाहिरातींचे मोठे फलक रंगवत होता. कडक उन्हात रंग चटकन वाळतो, म्हणून भर दुपार गाठायची. संध्याकाळी रंग काढायला टर्पेंटाइनच्या बोळ्याने हात-तोंड पुसायचं. चेहऱ्याची, मानेची कातडी जाड आणि काळी पडली होती. औषधाच्या दुकानातलं मलम लावलं की आठ दिवस बरं, मग पुन्हा तेच. दुखणं अंगावर काढण्यात आपल्याला केवढा अभिमान!

यंदा मानेवर गाठी उठल्या, तेव्हा बायकोने त्याला अक्षरशः ओढत नेलं.

डॉक्टरीणबाईंनी शर्ट काढायला लावला. छाती-पाठ स्वच्छ होती, रोग कॉलरपाशीच थांबला होता. मग त्यांनी त्याचे तळहात पाहिले.

"दादा, टर्पेंटाइन सगळ्यात जास्त कुठे लागतं?"

"तळहातांना."

"मग तिथे खाज का नाही?"

पेंटरने स्वतःचे तळहात उलटसुलट करून पाहिले. चौदा वर्षांत हा साधा प्रश्न त्याला पडलाच नव्हता!

"ऊन लागतं तिथेच हे आहे," बाई म्हणाल्या. "उन्हाने होणारा त्वचेचा जुनाट आजार असाच दिसतो. बहुतेकांचा तेवढ्यावरच राहतो. पण त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, तोही कधीकधी हुबेहूब असाच दिसतो. डोळ्यांनी फरक कळत नाही. कातडीचा तुकडा तपासावा लागतो. तो कधीच तपासायला हवा होता."

अहवालाला बारा दिवस लागले. ऊन टाळायला पडदे ओढलेल्या खोलीत पेंटर बसून होता. एकदा तो बायकोवरच उखडला, "आधी का नाही नेलंस मला?"

"किती वर्षं घसा कोरडा करतेय मी!" ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. त्याला मान वर करवेना.

अहवालात लिम्फोमाच निघाला. उपचार आहेत, पण आजार कातडीखालच्या, गळ्यातल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलाय, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं.

त्या आठवड्यात परांचीवरचा जोडीदार भेटायला आला. त्याच्या मानेवरही तसेच जाड चट्टे होते. पेंटरने ते पाहिले.

"उद्या सकाळी तपासून घे."

"अरे, हा फलक संपला की जातो."

पेंटरने त्याचे दोन्ही हात धरले. आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेला तो माणूस हमसून रडू लागला. "फलक राहू दे रे! मी प्रत्येक वेळी हेच म्हणालो होतो!"

जोडीदार हादरला. दुसऱ्या दिवशी तो परांचीवर न चढता दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला.

मंडळी, न जाणारी खाज ही कष्टाची खूण नव्हे. अंग झाका, ऊन टाळा आणि त्वचेच्या डॉक्टरांना वेळेत दाखवा. पेंटरचे उपचार चालू आहेत. गुण येईल की नाही, अजून कुणी सांगत नाही. तुमच्या घरातला माणूस 'पुढच्या महिन्यात जाऊ' म्हणत असेल, तर त्याचं ऐकू नका. त्याला आजच घेऊन जा!