रेंजची जागा

कासार आंबोलीतल्या आमच्या घरामागं, बांधावरच्या आंब्याखाली, चार पावलं लांब आणि तीन पावलं रुंद एवढ्याच जागेत मोबाइलला चांगली रेंज येते. २०२०मध्ये एमएस्सीचे तास ऑनलाइन झाले, तेव्हा मी फोन हातात धरून सगळं अंगण मोजलं. फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारा रेंजचा आकडा घरात उणे एकशे बारा, आंब्याखाली उणे अठ्ठ्याऐंशी. उण्याचा आकडा जितका लहान, तितकी रेंज चांगली. तेव्हापासून रोज सकाळी दहा ते एक मी तिथं चटई टाकून बसायचे.

हिंजवडीजवळ नांदे गावात आमच्या भाड्याच्या चार खोल्या आहेत. त्यांत हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं राहायची. टाळेबंदीत ती आपापल्या गावी गेली आणि खोल्या रिकाम्या पडल्या. दिवाळीनंतर मात्र वडिलांना, म्हणजे आण्णांना, वेगळेच फोन यायला लागले. पुण्यातल्या लोकांना आमच्या गावात खोली हवी होती. पाण्याचं आणि संडासाचं ते नंतर विचारायचे. आधी विचारायचे, "काका, रेंज आहे का?"

एका रविवारी आण्णा आंब्याखाली येऊन उभे राहिले.

"रेश्मा, लई रेंज हाय ती जागा हीच ना?"

मी हो म्हटलं.

"मग हितंच खोली टाकतो."

दोन दिवसांनी टेम्पोतून पत्रे आले. छप्पर पत्र्याचं, चारी भिंती पत्र्याच्या. नांद्याच्या खोल्याही तशाच आहेत. लोखंडी पत्रा मोबाइलच्या लहरी अडवतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण आण्णांना काही बोलले नाही. रेंज नसली तर खोली कुणी घेणार नाही, आणि मग मला निदान तिच्या दारात बसून तास करता येतील, असं मनात होतं. काम चाललं तेवढे आठ दिवस माझे तास बुडाले.

खोली बघायला कोथरूडहून निरंजन आणि त्याची बायको मेधा आली. निरंजन फोन वर धरून कोपऱ्याकोपऱ्यात फिरला.

"काका, इथं एकच काडी दिसतेय."

"जरा दार लावून बघा."

दार लावल्यावर तीही गेली.

"अरे, बाहेर चार आहेत," मेधा आंब्याखालून म्हणाली. "तू बाहेर राहा, मी आत राहते."

आण्णा हसले नाहीत. पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. आठ दिवस ड्रिल त्यांनी स्वतः धरलं होतं. मला गप्प बसवेना.

"आण्णा, पत्र्यानं रेंज अडतीय. काढावा लागेल."

"तुला कवा कळलं?"

"पत्रे आले त्या दिवशी."

"आन् बोलली न्हाईस."

"माझी बसायची जागा जाणार होती."

"मग तसं म्हणायचं. तुझं कालिज बुडवून खोली देनार हुतो व्हय मी?"

मी तेच गृहीत धरलं होतं.

निरंजन अवघडून म्हणाला, "काका, आम्ही नंतर येऊ का?"

"पंधरा दिसांनी या," आण्णा म्हणाले. "पत्रं काढून म्होरं पडवी काढतो. पर एक सांगतो. सकाळी दहा ते एक पडवी पोरीची. पटत आसंल तरच या."

आण्णांच्या सांगण्यावरून डोंगरावरच्या वस्तीतून भिकूमामा कारवीच्या मोळ्या घेऊन आले. पत्रे उतरवून त्यांनी कारवीच्या काठ्यांची भिंत, म्हणजे कूड, उभा केला, शेणमातीनं लिंपला, छपरावर भाताचा पेंढा घातला आणि पुढं पडवी काढली.

"शिकल्याली मानसं कुडात राहनार?" लिंपता लिंपता ते म्हणाले. "आमी वस्तीवर कूड पाडून पत्रं मागतुया."

"ह्ये उतरवल्यालं पत्रं तुमी घिऊन जावा," आण्णा म्हणाले.

कूड वाळल्यावर मी आत मोजलं. उणे नव्वद.

नाताळाच्या आधी निरंजन आणि मेधा राहायला आली. पहिल्या सोमवारी मी पडवीत बसून तास ऐकत होते. कूड रेंज अडवत नव्हता आणि निरंजनच्या मीटिंगचा आवाजही अडवत नव्हता. सरांनी शिकवणं थांबवून विचारलं, "रेश्मा, मागं कोण ओरडतंय?"

"आमचे भाडेकरू, सर."

आतून मेधाचा आवाज आला, "निरंजन, हळू बोल. तिचा तास चाललाय."