कप टेकला आणि टॅब झाले

आमच्या घरचा धंदा म्हणजे लाँड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं. कोणाचा सदरा कोणत्या पिशवीत, एवढंच ते सांगतं. लिहिणारे आम्ही तिघं: भाऊजी, म्हणजे माझे दीर, वन्सं, त्यांची धाकटी बहीण, आणि मी. दोघांचं लिखाण एकत्र करून पुढे पाठवायचं काम माझ्याकडे. वन्संना जन्मापासून दिसत नाही. त्या कोड बोटांनी वाचतात, कीबोर्डपुढच्या ब्रेल पट्टीवर. पट्टीला घरं चाळीस.

भांडण होतं ओळीआधी सोडायच्या मोकळ्या जागेचं. कोडची ओळ जितकी आतली, तितकी ती उजवीकडे सरकवून लिहायची असते. त्यासाठी भाऊजी दर पायरीला चार स्पेस, म्हणजे चार रिकामी घरं देत. वन्संना हवा होता एक टॅब, एका बटणात तेवढीच उडी मारणारी एकच खूण.

"दादा, पाच पायऱ्या आत गेलं की माझी अर्धी पट्टी रिकामी! वीस घरं नुसती हवा चाचपायची. टॅबला पायरीमागे एकच घर लागतं."

"आणि माझ्या डोळ्यांचं काय? एकदा मित्राकडे पाहिलेत मी टॅब. सगळं अघळपघळ! स्पेस कशी, मोत्यांची ओळ."

"मोती तुझे, फास माझ्या गळ्याला."

महिनाभर हेच चाललं. शेवटी वन्संनी दुसऱ्या कंपनीत अर्ज केला आणि तिथून होकारही आला. "आज बाराला त्यांचा फोन येईल. तोवर टॅब झाले तर राहीन, नाहीतर ही मी चालले." वन्सं गेल्या तर या खोलीत हसणार कोण?

समजूत घालावी, तर माझं मौन. बारापर्यंत न बोलण्याचं माझं रोजचं व्रत घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. भाऊजींशी मी मानेने बोलते. वन्संना मान दिसत नाही, म्हणून त्यांच्यासाठी टेबलावर टिचकी. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

भाऊजी पाणी प्यायला गेले तशा वन्सं कुजबुजल्या, "वहिनी, आपल्या सामायिक कोडमधल्या ओळींच्या सुरुवातीच्या स्पेस काढून तिथे टॅब घालणारी आज्ञा लिहून ठेवलीये. चालवू?"

भाऊजींच्या पाठीमागे? छे! मी जोरजोरात नकाराची मान हलवली, आणि टिचक्या मारायला हात मोकळा हवा म्हणून चहाचा कप टेबलावर ठेवला.

टक्.

"देव तुझं भलं करो गं वहिनी!" म्हणत वन्संनी बटण दाबलंसुद्धा.

मग मी दोन सोडून दहा टिचक्या मारल्या.

"हो गं हो, टाळ्या कसल्या वाजवतेस? दादा येईल!"

दादा आलाच. मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केलं. एक नाम झालं, दहा झाली, खोलीत सगळं शांत. एक डोळा उघडून पाहिलं तर भाऊजी पडद्याकडे कौतुकाने बघत होते.

"चिमणे, तुला दिसत असतं ना, तर तूही म्हणाली असतीस. काय या माझ्या स्पेसेस! आहे का टॅबची छाती?"

त्यांच्या पडद्यावर एका टॅबची रुंदी मुळातच चार स्पेसएवढी होती. त्यांना फरक दिसणार कसा? वन्संनी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. मी पदराचा.

मग भाऊजींनी बाणाचं बटण दाबलं. एरवी एकेक घर सरकणारा कर्सर चार घरं टुणकन उडाला. पुन्हा दाबलं, पुन्हा टुणकन.

"कीबोर्ड बिघडला वाटतं." त्यांनी माझा ओढून घेतला. टुणकन. मग वायर बघायला स्वारी टेबलाखाली शिरली. वन्संचा बांध फुटला. "अरे शहाण्या, बाहेर ये! मघापासून ज्यांच्या आरत्या ओवाळतोयस, ते टॅब आहेत, टॅब!"

धाडकन डोकं आपटल्याचा आवाज झाला. टेबलाखालून आधी टेंगूळ आलं, मग भाऊजी.

"माझे मोती?"

"ओळीच्या आतले तुझे तसेच आहेत रे. मी फक्त सुरुवातीचे काढले."

"कोणाला विचारून?"

"वहिनीला. तिने टिचकी मारली."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"ती तर नाही म्हणतेय!"

"टिचकी मारली म्हणते ना मी!"

एवढ्यात घड्याळात बाराचे टोले पडले आणि फोनही वाजू लागला. गप्प बसले असते तर वन्सं राहत होत्या. पण मौन संपल्यावर पहिला शब्द खोटा कसा काढू?

"वन्सं," मी म्हटलं, "तो कप होता."

फोन वाजतच राहिला. वन्संचं हसू मावळलं. "म्हणजे... परत स्पेस करू?"

भाऊजींनी टेंगूळ चोळलं. पडद्याकडे पाहिलं, मग तिच्या पट्टीवरच्या बोटांकडे.

"माझं गेलं काय? मला तर टेबलाखाली जाईपर्यंत पत्ता नव्हता. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" त्यांनी फोन उचलला. "माफ करा हं, ती येणार नाही. आमच्या कपाचा निर्णय आहे."

त्या दिवसापासून सकाळी माझ्या कपाखाली भाऊजी न चुकता हातरुमाल पसरून ठेवतात. न जाणो, पुढच्या खेपेला कप काय मंजूर करून बसेल.