मीटिंगवाल्या बाईचे हात

“आई, तू तिकडे नक्की कोणाला भेटायला चालली आहेस?”

प्रश्न भिंगरीचा नव्हता. शेवटच्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचारून दाखव म्हणून. आई दोन दिवसांपासून न्हाणीघराचं दार लावून “मी मीटिंगला आले आहे” असं घोकत असते, हे भिंगरीनेच त्यांना रंगवून सांगितलं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असा निकाल मधल्या सुट्टीतच लागला.

आई शिलाई यंत्रांची मेकॅनिक. घरातली नव्हेत, कपड्यांच्या कारखान्यातली, मिनिटाला पाच हजार टाके घालणारी यंत्रं. टाका कुठे सुटतोय हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. परदेशातल्या एका कारखान्याने साठ यंत्रं घेतली होती आणि ती बसवून, चालू करून द्यायचं दहा आठवड्यांचं कंत्राट आईला मिळालं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला कोणी विमानाने बोलावलं होतं. मग ही मीटिंग आली कुठून?

“मीटिंगच आहे,” आई म्हणाली आणि तिचे कान लाल झाले. बाबांनी झटकन वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. पेपर कालचा होता, त्यातलं शब्दकोडंसुद्धा त्यांनीच सोडवलेलं.

भिंगरी पिच्छा सोडणाऱ्यातली नव्हती. जेवण होईपर्यंत सगळं बाहेर आलं. आईची कागदपत्रं करत होते व्हिसाचे एजंट, टायवाले काका. भर उन्हातही त्यांचा टाय सुटत नसे, म्हणून हे नाव. त्यांचं म्हणणं, वर्क परमिटसाठी तिकडच्या कारखान्याने अर्ज करायचा असतो, त्यात सहा-सात आठवडे जातात, तोवर कारखाना दुसरा माणूस शोधेल. त्यापेक्षा बिझनेस व्हिसा दहा दिवसांत होतो. सोमवारी अर्ज टाकू. विमानतळावर साहेबाने विचारलं की मीटिंग म्हणायचं. हत्यारं वेगळ्या कुरियरने जातील, बॅगेत फक्त फाइल आणि दोन चांगले ड्रेस. वर नऊ प्रश्नोत्तरांचा एक कागदही त्यांनी पाठ करायला दिला होता.

“सगळे असेच जातात गं,” बाबा म्हणाले. भिंगरीला ते ‘सगळे’च खटकले. सगळे जातात म्हणजे नेमके कोण, आणि परत कसे येतात?

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या तासाला बाईंची नजर चुकवून तिने त्या देशाच्या दूतावासाचं पान उघडलं. बिझनेस व्हिसावर चर्चा करता येते, यंत्रं बघता येतात, करारावर सही करता येते. पण स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला की ते काम. यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या पगारी माणसांना जोडणीपुरती थोडी सवलत होती. आई मात्र कोणाचीच पगारी नव्हती, कंत्राटी होती. तिच्यासारखीला अल्प मुदतीचं वर्क परमिटच लागणार होतं. खोटं सांगून गेलेला सापडला, तर पुढच्या विमानाने परत आणि पाच वर्षं दार बंद. भिंगरीने हे भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं आणि आपल्याला नीट कळलं नसेल तर बरं, अशा आशेने पुन्हा वाचलं. नीटच कळलं होतं.

आता तिला काकांचा संशय येत होता, हो ला हो करणाऱ्या बाबांचाही आणि थोडासा आईचासुद्धा. हिला हे सगळं ठाऊक असेल तर?

घरी आल्यावर तिने वहीचं नावही काढलं नाही. “मी तालीम घेते,” म्हणाली, आणि जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे साहेबासारखी ताठ बसली. आई फाइल घेऊन समोर. पहिली चार उत्तरं आईने घडाघडा म्हटली. मग साहेबाने कागदावर नसलेला प्रश्न काढला.

“मॅडम, हात दाखवा.”

आईचे हात टेबलाखाली गेले. नखांच्या कडांना वीस वर्षांचं तेल होतं. कुठल्याच साबणाला ते हार गेलं नव्हतं.

“हे कागदावर नाहीये,” आई म्हणाली.

“साहेब काय काकांचा कागद घेऊन बसणार आहे?”

बाबांनी मध्ये पडून सुचवलं, मशीन बघताना हात लागला म्हणायचं. कोणी हसलं नाही. तेव्हा भिंगरीने वही उघडून पाच वर्षांची ओळ मोठ्याने वाचली. बाबांचा चेहरा उतरला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

आई मात्र खाली बघत होती. “परवा मी विचारलं होतं त्यांना, पकडलं तर काय,” ती हळूच म्हणाली. “म्हणाले, सही तुमची, नाव तुमचं. मी फक्त कागद करतो.”

“आणि हे तू मला सांगितलं नाहीस?” बाबा म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं. मला जायचंय हो. साठच्या साठ यंत्रं एका वेळी चालू झालेली ऐकायचीत मला.” ती थांबली. “पण चोरासारखं जाऊन नाही ऐकता येणार. प्रत्येक वेळी दार वाजलं की माझा हात थांबेल.”

परमिटसाठी थांबलं तर कंत्राट हातचं जाऊ शकत होतं. तिघांनाही ते कळत होतं. बाबा पाणी प्यायले. आईने फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. वरच कारखान्याचं बोलावण्याचं पत्र होतं आणि त्याच्या तळाशी मॅनेजरबाईंचा ईमेल पत्ता.

भिंगरीने ते पत्र ओढून घेतलं आणि उभी राहिली.

“मी ठरवलंय. या बाईंना मी आत्ता मेल लिहिणार, आईच्या नावाने, आणि आई वाचल्याशिवाय तो जाणार नाही. त्यात लिहिणार, मी साठ यंत्रं बसवायला येतेय, मीटिंगला नाही, तेव्हा परमिटचा अर्ज तुम्ही करा, मी थांबायला तयार आहे. त्यांनी दुसऱ्या कोणाला बोलावलं तर बोलावू देत, आईचा पासपोर्ट तरी स्वच्छ राहील. आणि बाबा, सोमवारचा अर्ज थांबवायला काकांना फोन तुम्ही करायचा. माझ्याशी ते बोलायचे नाहीत, आणि आई त्यांना नाही म्हणू शकत नाही.”